मेजर लीगला न पोचलेला पिचर : रिंकू सिंगच्या बेसबॉल कारकिर्दीला काय म्हणायचं?

पाणंदवाट

रिंकू सिंगचं नाव निघालं की लोक दोनच गोष्टी बोलतात. २००८ सालची टीव्हीवरची 'मिलियन डॉलर आर्म' स्पर्धा आणि २०१८ नंतरची डब्ल्यूडब्ल्यूई. मधली जी वर्षं तो पिट्सबर्ग पायरेट्सच्या मायनर लीग संघांमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर, पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून राबला, ती कुणाच्या खिजगणतीतही नसतात. मला ती वर्षंच सगळ्यात मोलाची वाटतात, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. रिंकू उत्तर प्रदेशातल्या भदोही जिल्ह्यातला, ट्रकचालकाचा मुलगा, नऊ भावंडांतला एक. लखनौला भालाफेक करायचा. जे. बी. बर्नस्टीन या अमेरिकी एजंटने जोरात आणि अचूक फेकणारा हात शोधायला भारतात स्पर्धा भरवली, तिला ३७ हजारांहून जास्त मुलं आली. रिंकूने डाव्या हाताने ताशी ८७ मैलांचा चेंडू टाकला आणि एक लाख डॉलर जिंकले. वाराणसीकडचा दिनेश पटेल, तोही भालाफेकवाला, त्याच्याबरोबर अमेरिकेला गेला. लॉस एंजेलिसला पिचिंगचे कोच टॉम हाउस यांनी दोघांना खेळ पहिल्यापासून शिकवला आणि नोव्हेंबर २००८ मध्ये पायरेट्सनी दोघांशी करार केला. अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलचा करार मिळालेले हे पहिले भारतीय.

४ जुलै २००९ ला फ्लोरिडात, गल्फ कोस्ट लीगमध्ये पदार्पण. १३ जुलैला रिंकूच्या नावावर पहिला विजय. दिनेशला डिसेंबर २०१० मध्ये संघाने मोकळं केलं, तो घरी परतला. रिंकू टिकला. आधी स्टेट कॉलेज (हे पेनसिल्व्हेनियातलं गाव), २०११ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिक, पुन्हा स्टेट कॉलेज आणि मग वेस्ट व्हर्जिनिया. हिवाळ्यात ऑस्ट्रेलियातल्या लीगमध्ये कॅनबेराकडूनही खेळला. २०१२ चा हंगाम वेस्ट व्हर्जिनिया पॉवरकडून, लो-ए पातळीवर : ३९ सामने, ७२ इनिंग, ६५ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), ईआरए ३.००. पुढच्या वर्षी कोपर गेलं, टॉमी जॉन सर्जरी झाली, आणि त्यानंतर त्याने अधिकृत सामन्यात एकही चेंडू टाकला नाही.

मी तेव्हा पेन स्टेट विद्यापीठात शिकत होतो. स्टेट कॉलेजच्या संघाचं, स्पाइक्सचं, मैदान कॅम्पसवरच, मागे माउंट निटनी दिसतो. रिंकूला तिथे पिचिंग करताना पाहिलंय.

प्रश्न असा : मेजर लीगचं तोंड न बघितलेल्या अशा खेळाडूची कारकीर्द अपयशी म्हणायची का? माझं मत ठाम 'नाही' असं आहे. तुमचं सांगा.

अबोली१२

छान विषय. वाचतेय.

कडूनिंब

स्पष्ट लिहितो, राग नसावा. लो-ए म्हणजे मेजर लीगच्या चार पायऱ्या खाली. त्याच्या वर हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. रिंकू त्यातल्या एकाही पायरीवर चढला नाही. पायरेट्सनी त्याला घेतला तो भारतीय बाजारपेठेवर डोळा ठेवून, आणि बातमी होते म्हणून. मुलगा कष्टाळू होता यात वाद नाही. पण कारकीर्द जोखायची तर ती जिथे पोचायचं होतं त्या ठिकाणावरूनच जोखायला हवी ना?

घाटमाथा

कडूनिंब, बातमीसाठी करार होतो हे मान्य. पण बातमीसाठी चार हंगाम इनिंग मिळत नाहीत. प्रत्येक पातळीवर संघातल्या जागा ठरलेल्या. तेव्हा दर जूनला ड्राफ्टमधून, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यातून, नवी पोरं यायची (ड्राफ्ट २०११ पर्यंत ५० फेऱ्यांचा, २०१२ पासून ४०, आता २०) आणि तितक्याच पोरांना घरी जायला सांगायचे. दिनेशला दोन वर्षांत सांगितलंच की. रिंकूला ठेवलं कारण चेंडू चांगला पडत होता.

२००९ मध्ये त्याचा ईआरए ५.८४ होता आणि २०१२ मध्ये, दोन पायऱ्या वर, ३.००. ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागलेल्या सरासरी धावा, कमी तितका बरा. समोरचे बॅटर वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षापासून हेच करत आलेले. याने वयाच्या विसाव्या वर्षी पहिल्यांदा ग्लोव्ह घातला.

कडूनिंब

आकडा काढलाच आहे तर त्याच्या शेजारचा आकडाही काढू. २०१२ च्या ऑगस्टमध्ये रिंकू २४ पूर्ण होता. त्या लीगमधली बरीच पोरं एकवीस-बावीसची. वयाने मोठ्या पिचरचा लो-एमधला ईआरए स्काउट लोक थोडा हात राखूनच वाचतात. आणि ३९ सामन्यांत ७२ इनिंग म्हणजे तो रिलीव्हर होता, सामना सुरू करणारा नव्हे.

घाटमाथा

वयाचा मुद्दा रास्त आहे. म्हणूनच दुखापत नेमकी तेव्हा व्हायला नको होती. २०१३ ला हाय-ए मिळालं असतं तर खरं काय ते कळलं असतं. टॉमी जॉन सर्जरीत कोपराचा फाटलेला अस्थिबंध काढून तिथे शरीरातलाच दुसरीकडचा स्नायुबंध बसवतात. सावरायला वर्ष ते दीड वर्ष. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी पहिल्यांदा केली ती टॉमी जॉनवर. त्याने त्यानंतर १६४ सामने जिंकले, म्हणून तिला त्याचं नाव. पण मेजर लीगच्या पिचरला संघ थांबून वाट बघतो. लो-एच्या पंचविशीतल्या रिलीव्हरची किती बघणार?

शेवगा

वेस्ट व्हर्जिनियाचा विषय निघालाय तर चार्ल्सटनच्या त्या टोस्टवाल्याबद्दल कुणी लिहिलं कसं नाही? पॉवरच्या सामन्यांना एक पक्का चाहता यायचा, टोस्टर घेऊन! पाहुण्या संघाचा बॅटर स्ट्राइकआउट झाला की हा 'यू आर टोस्ट' ओरडून गरमागरम टोस्ट प्रेक्षकांत भिरकावणार. रिंकूच्या ६५ पैकी घरच्या मैदानावरच्या स्ट्राइकआउटांवर किती पाव खपला असेल हिशेब करा.

झेंडूचं_फूल

@शेवगा, हाहाहा! आपल्याकडे वडे भिरकावायला लागले तर बॅटर मुद्दाम आउट होतील.

तिन्हीसांजा

मी न्यू जर्सीत असते. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे आणि पिचर आहे, त्यामुळे हा धागा अगदी घरातला वाटतोय. तो ट्रॅव्हल टीममध्ये खेळतो, शनिवार-रविवार आमची गाडी कुठल्या ना कुठल्या मैदानावर. त्याला बेसबॉलमध्येच जायचंय. त्याचे बाबा म्हणतात, खेळू दे पण अभ्यास सांभाळून. मला विचाराल तर मला पगाराची भीती वाटते. मायनर लीगमध्ये खरंच इतके कमी पैसे मिळतात का? आणि कोपराच्या दुखापतीबद्दल वाचून पोटात गोळाच आला. कुणी नीट माहिती देईल का?

घाटमाथा

तिन्हीसांजाताई, सविस्तर लिहितो, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

रिंकू होता त्या काळात पहिल्या वर्षीच्या खेळाडूला महिन्याला ११०० डॉलर मिळत, तेही फक्त हंगामाचे. वसंतातल्या सरावाचा पगार नाही, हिवाळ्यात काहीच नाही. दौऱ्यावर जेवणाखाणाला दिवसाला २५ डॉलर. राहायची सोय ज्याची त्याने बघायची, म्हणून एका फ्लॅटमध्ये पाच-सहा जण, जमिनीवर हवेच्या गाद्या टाकून. गावातली काही कुटुंबं खेळाडूला हंगामभर घरात ठेवून घेत, तेवढाच आधार. २०२० पर्यंत ए पातळीचा किमान पगार आठवड्याला २९० डॉलर होता. मेजर लीगचा किमान पगार त्याच वेळी वर्षाला साडेपाच लाखांच्या पुढे.

हे कायद्याने कसं चालत होतं? १९२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून बाहेर ठेवलं. शिवाय मार्च २०१८ मध्ये संसदेने सरकारी खर्चाच्या अवाढव्य विधेयकात एक तरतूद घालून मायनर लीगच्या खेळाडूंना किमान वेतनाच्या कायद्यातूनच वगळलं. खेळाडूंनी २०१४ मध्ये दावा लावला होता, तो २०२२ मध्ये १८ कोटी ५० लाख डॉलरवर मिटला. त्याच वर्षी मायनर लीगचे खेळाडू मोठ्या खेळाडूंच्या युनियनमध्ये आले आणि २०२३ मध्ये त्यांच्या इतिहासातला पहिला सामूहिक करार झाला. लो-एचा वार्षिक किमान पगार ११ हजारांवरून २६,२०० डॉलर, डबल-एचा १३,८०० वरून ३०,२५०, ट्रिपल-एचा १७,५०० वरून ३५,८००. राहायची व्यवस्था २०२२ पासून संघ करतो.

या वाढीच्या आधी एक फटकाही बसला. २०२१ पासून मेजर लीगशी जोडलेले संघ १६० वरून १२० वर आले. रिंकू खेळला ते स्टेट कॉलेज आणि वेस्ट व्हर्जिनिया, दोन्ही त्या यादीतून गेले.

दुखापतीबद्दल : मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी 'पिच स्मार्ट' नावाची वयानुसार मर्यादा आखून दिली आहे. १५-१६ वर्षांच्या मुलाने एका दिवसात ९५ पेक्षा जास्त पिच टाकायचे नाहीत, आणि ७६ किंवा जास्त टाकले तर पुढे चार दिवस पूर्ण विश्रांती. शनिवारी एका संघाकडून आणि रविवारी दुसऱ्याकडून असं होऊ देऊ नका. कोच कितीही चांगला असला तरी मोजणी तुम्ही स्वतः ठेवा.

तिन्हीसांजा

खूप आभार. वहीच करते आता. ड्राफ्ट झाला तर अठराव्या वर्षी सही करायची की कॉलेज, हा पुढचा प्रश्न.

पाणंदवाट

ताई, कॉलेज. चार वर्षांच्या कॉलेजात गेला की तीन वर्षांनी किंवा २१ व्या वर्षी पुन्हा ड्राफ्टला पात्र होतो. आणि अठराव्या वर्षीच सही केली तर करारात पुढच्या शिक्षणाचा खर्च लिहून घेता येतो, तो घेतल्याशिवाय सही करू देऊ नका.

दादरकर_जुना

मला बेसबॉलमधलं फारसं कळत नाही, पण हा प्रश्न आम्हा शिवाजी पार्कच्या लोकांना नवा नाही. पद्माकर ऊर्फ पॅडी शिवलकर. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, सरासरी एकोणीसच्या घरात, आणि भारताकडून एकही कसोटी नाही, कारण समोर बेदी. अमोल मुझुमदार. पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६०, कारकिर्दीत ११ हजारांवर धावा, भारताची टोपी नाही. पॅडींची कारकीर्द अपयशी होती असं दादरमध्ये म्हणून बघा, चहा मिळायचा नाही. तुमच्या रिंकूचंही तसंच समजा.

कडूनिंब

दादरकरकाका, आदर आहेच, पण इथे मी अडून बसणार. शिवलकर मुंबईसाठी खेळले. रणजी करंडक ही स्वतःची, पूर्ण वजनाची स्पर्धा आहे. मुंबई जिंकली की त्यांनी जिंकली. लो-एमध्ये तसं काही नसतं. तिथे सामना जिंकणं दुय्यम. कोणी किती पिच टाकायचे, कोणाला कुठल्या डावात आणायचं, हे वरून पिट्सबर्गहून ठरतं. संघ पहिल्या क्रमांकावर असताना त्यातला सगळ्यात चांगला बॅटर एका फोनवर वरच्या पातळीला निघून जातो, उरलेल्यांनी बघत बसायचं. आणि रिंकूच्या काळात खेळाडू पहिले सात हंगाम त्या एकाच क्लबशी बांधलेला असायचा, दुसरीकडे जायची मुभा नव्हती. ही व्यवस्था ब्रँच रिकीने शंभर वर्षांपूर्वी सेंट लुईससाठी उभी केली, वरच्या संघाला माल पुरवायला. म्हणून म्हणतो, तिथल्या खेळाडूला मोजायचं माप व्यवस्थेनेच ठरवून दिलंय : वर गेलास की नाही.

दादरकर_जुना

मुद्दा बिनतोड मांडलात. पण माप व्यवस्थेचं आहे, ते आपण का वापरायचं?

बारा_मावळ

टोलेडोजवळ राहतो, त्यामुळे माइक हेसमनबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९९६ मध्ये अटलांटाने पंधराव्या फेरीत घेतलेला मुलगा. मेजर लीगमध्ये त्याच्या वाट्याला आले एकूण १०९ सामने आणि १४ होमरन, ब्रेव्ह्ज, टायगर्स आणि मेट्सकडून मिळून. मायनर लीगमध्ये? ४३३ होमरन. बझ आर्लेटचा ४३२ चा विक्रम १९३७ पासून उभा होता, तो हेसमनने ३ ऑगस्ट २०१५ ला टोलेडोच्या मैदानावर मोडला, तोही तिन्ही बेस भरलेले असताना मारलेल्या होमरनने. तेव्हा तो ३७ वर्षांचा. मधल्या काळात २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचं कांस्यपदक, एक हंगाम जपानमध्ये.

कडूनिंब म्हणतात जिंकणं दुय्यम. क्लबच्या ऑफिसात असेल. टोलेडोत नाही. आमच्या संघाचं मड हेन्स हे नाव १८९६ पासूनचं आहे आणि संघ आमच्या काउंटीच्या मालकीचा. लोक इथे वरच्या संघाचा, डेट्रॉइट टायगर्सचा, भावी खेळाडू बघायला येत नाहीत, आपला संघ बघायला येतात. रॉचेस्टरचा संघ तर १९५७ पासून गावातल्या भागधारकांचा. त्या गावांना विचारा रणजीचं वजन आहे की नाही ते.

झेंडूचं_फूल

रॉचेस्टर म्हणजे तो ३३ इनिंगचा सामना ना?

बारा_मावळ

तोच! पॉटकेटविरुद्ध. १८ एप्रिल १९८१ च्या रात्री सुरू झाला, पहाटे ४:०७ ला ३२ इनिंगनंतर थांबवला, तेव्हा स्टेडियममध्ये फक्त १९ प्रेक्षक उरले होते. इतकी थंडी की खेळाडूंनी मोडक्या बॅटा पेटवून शेकोटी केली. उरलेला सामना २३ जूनला, आणि तो एका इनिंगमध्ये, अठरा मिनिटांत संपला. एकूण आठ तास पंचवीस मिनिटं. दोन्ही बाजूंचे थर्ड बेसमन, वेड बॉग्ज आणि कॅल रिपकेन, पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. पण विजयी धाव ज्याच्या फटक्यावर आली तो डेव्ह कोझा, आणि तो मेजर लीगमध्ये कधीच खेळला नाही.

शेवगा

३२ इनिंग बसलेल्या त्या १९ जणांना घरी काय सांगितलं असेल? 'सामना संपला नाही' हे कोणती बायको ऐकून घेईल पहाटे साडेचारला?

अबोली१२

@शेवगा, त्यांच्यात बायकाही असतील की!

तिन्हीसांजा

डेव्ह कोझाचं वाचून अंगावर काटा आला.

रानजाई

पहिल्यांदाच लिहितेय. मायकेल जॉर्डनही मायनर लीग खेळला होता ना? मग तोही अपयशी का?

घाटमाथा

हो, १९९४, बर्मिंगहॅम बॅरन्स, डबल-ए. बास्केटबॉलचा सम्राट, बॅटिंगची सरासरी .२०२, तीन होमरन, ३० चोरलेले बेस. तेव्हा सगळ्यांनी टर उडवली. त्याचा मॅनेजर टेरी फ्रँकोना होता, ज्याने पुढे बॉस्टनला दोनदा वर्ल्ड सिरीज जिंकून दिली. पण शाळेनंतर बेसबॉलला हात न लावलेला माणूस एकतिसाव्या वर्षी थेट डबल-एमध्ये १२७ सामने खेळून .२०० च्या वर सरासरी राखतो, हे काय आहे ते बेसबॉलवाल्यांना कळतं. रिंकूची गोष्ट त्याहून अवघड होती असं मी म्हणेन. जॉर्डन हा खेळ बघत मोठा झाला. रिंकूला नियम शिकायचे होते, इंग्रजी शिकायचं होतं आणि ताशी ९० मैलांचा चेंडू पोस्टकार्डाएवढ्या कोपऱ्यात टाकायचा होता, एकदम तिन्ही.

कडूनिंब

भालाफेकीचा हात घेऊन स्ट्राइक झोन गाठणं, हे मला खरंच मोठं वाटतं. भाल्यात कोपर ताठ मागे जातं, पिचिंगमध्ये वाकून फिरतं. सगळी सवय मोडून नवी लावायची. माझा वाद त्याच्या कष्टांशी कधीच नव्हता. वाद या गोष्टीशी आहे की आपण अशा गोष्टी गोड करून सांगतो आणि मग तिन्हीसांजाताईंच्या मुलासारखी पोरं त्यावर पंधराव्या वर्षी आयुष्य लावतात. करार मिळालेल्यांतही दहातला जेमतेम एखादा वर पोचतो. ते त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

पाणंदवाट

कडूनिंब, हे सांगायलाच हवं, आणि घाटमाथांचे पगाराचे आकडेही सांगायला हवेत. पण त्याच पोरांना हेही सांगायला हवं की उरलेले नऊ जण काही वाया गेलेले नसतात.

मी मूळ प्रश्न का विचारला ते सांगतो. रिंकूवरचं जे काही वाचतो त्यात स्पर्धा आणि करार तपशिलाने असतो, आणि मग थेट 'मेजर लीगपर्यंत मजल मारू शकला नाही' या एका वाक्यात चार हंगाम गुंडाळलेले. २०१२ मध्ये चार्ल्सटनहून न्यू जर्सीतल्या लेकवूडला, किंवा खाली जॉर्जियात सव्हानाला आठ-आठ तासांचा बसप्रवास करून, उतरून, सातव्या इनिंगमध्ये दोन बेस भरलेले असताना बाहेर पडून स्ट्राइक टाकायची, हे काम तो पगारावर, दर आठवड्याला करत होता. व्यावसायिक पिचर म्हणतात तो हाच. त्याला लीगमधल्या बॅटरनी सोपा समजला असता तर ईआरए ३.०० आला नसता. उद्या एखादा भारतीय मुलगा मेजर लीगमध्ये आला, तरी हा हंगाम तेवढाच खरा राहील.

रानजाई

कुमार रॉकर आलाच की. आईकडून तेलुगू. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये टेक्सासकडून पदार्पण, तेही टॉमी जॉन सर्जरीनंतर.

घाटमाथा

हो, पण तो अमेरिकेतच वाढलेला, ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकाचा. त्याला सर्जरीनंतर सावरायला वेळ देणारा क्लब होता. रिंकूचा आणि त्याचा फरक मला तिथेच दिसतो.

दादरकर_जुना

पाणंदवाट, 'उरलेले नऊ' हे आवडलं. शिवाजी पार्कावर संध्याकाळी पोरांना शिकवणारे निम्मे त्या नऊतलेच आहेत.

नीलगिरी_ऑस्ट्रेलिया

उशिरा आलो धाग्यावर. मी कॅनबेरात असतो. इथली लीग नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या उन्हाळ्यात असते, गुरुवार ते रविवार सामने. नाराबुंडाचं मैदान लहानसं आहे, गवतावर चादर टाकून बसायचं, खेळाडू अगदी हाकेच्या अंतरावर. कॅनबेराच्या संघाने, कॅव्हलरीने, २०१३ मध्ये तैवानला जाऊन एशिया सिरीज जिंकली, तेव्हा इथे फार आनंद झाला होता. मी राहायला आलो तेव्हा रिंकू निघून गेला होता. जुन्या प्रेक्षकांपैकी काही जण अजून येतात, त्यांच्याकडे त्या हंगामाची स्कोअरकार्डं असतील तर मागून बघतो. मिळाली तर कुठे टाकू, इथेच की नवा धागा?

पाणंदवाट

इथेच टाका. पिचची गती लिहिलेली असेल तर तीही.